डबा ठेवायचा की काडी लावायची? आधी बघा, बळदाची किल्ली कुणाकडं आहे

मागच्या महिन्यात केजहून आत्याचा फोन आला. "तुझा दादा जुना डबा काढून टाकू म्हणायलाय. त्याच्या जागी टीव्हीला काडी लावतो म्हणं. अन् माझ्या कीर्तनाचं काय व्हायचं रे? साठ-सत्तर कीर्तनं हायेत त्याच्यात."

डबा म्हणजे डिशचा रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स. काडी म्हणजे टीव्हीच्या पाठीमागं खोचायची स्ट्रीमिंग स्टिक. फायर टीव्ही स्टिक, क्रोमकास्ट, नाहीतर इंटरनेटवाल्यानं जोडणीबरोबर दिलेला बॉक्स, सगळे त्याच घरातले. आत्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. त्या आठवड्यात आणखी दोघातिघांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून नीट बसून लिहितोय.

दोन्ही वस्तू टीव्हीलाच लागतात, दोन्हींना रिमोट असतो, दोन्हींत चित्र थांबवता येतं, मागं नेता येतं. त्यामुळं एक जुनं मॉडेल आणि एक नवं, असा समज होतो. तसं नाही. दोघांचं कामच वेगळं आहे.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत बळद असायचं. सुगीत ज्वारी त्यात भरली की वर्षभर घर निर्धास्त. रेकॉर्डर म्हणजे ते बळद. कार्यक्रम एकदा आला, आत भरला, मग पाहिजे तेव्हा काढा. स्ट्रीमिंग बॉक्समध्ये भरून ठेवलेलं काहीच नसतं. ते म्हणजे लागेल तसं दुकानातून पीठ आणणं. दुकान मोठं असतं, माल शंभर प्रकारचा असतो, पण दुकान उघडं पाहिजे, रस्ता चालू पाहिजे आणि तो माल दुकानदारानं अजून ठेवलेला पाहिजे.

इथवर सोपं आहे. घोळ पुढं आहे, कारण आत्याच्या डब्यातलं बळद तिच्या घरात असलं तरी त्याची किल्ली तिच्याकडं नाही. हे कळायला थोडं मागून यावं लागतं.

टेप: घरातलं बळद, घरातलीच किल्ली

गावात लग्नाला किंवा गणपतीत एका रात्रीसाठी भाड्यानं 'व्हिडिओ' आणायचे, ते आठवत असेल. तो बहुतेक वेळा व्हीसीपी असायचा, म्हणजे नुसता दाखवणारा. टीव्हीवरचा कार्यक्रम उतरवून घेणारा तो व्हीसीआर. त्याच्यात चॅनल पकडायचा ट्यूनर असायचा, घड्याळ असायचं, टेपवर लिहायची सोय असायची. सोनीनं १९७५ साली बीटामॅक्स काढला, पुढच्याच वर्षी जेव्हीसीनं व्हीएचएस. आपल्या घरांत जी जाडजूड काळी कॅसेट टिकली, ती व्हीएचएस.

त्या यंत्राच्या पोटात काय चालायचं हे मला आजही विलक्षण वाटतं. आवाजाची टेप हळूहळू एका हेडवरून सरकते, तेवढ्यानं गाणं उमटतं. चित्राला तेवढं पुरत नाही. चित्रात माहिती इतकी दाटीची असते की टेपवरून हेड सेकंदाला जवळजवळ ५ मीटर धावलं पाहिजे. टेपच त्या वेगानं पळवली असती तर ३ तासांच्या रेकॉर्डिंगला ५० किलोमीटरहून लांब टेप लागली असती. लातूरहून निघालेली टेप औसा ओलांडून किल्लारीच्या पुढं गेली असती.

मग त्या इंजिनिअरांनी काय केलं? टेप सावकाश चालवली, सेकंदाला २.३४ सेंटीमीटर, आणि हेडच गरगर फिरवलं. ६२ मिलिमीटर व्यासाचा चकचकीत ड्रम, त्यावर समोरासमोर दोन हेड, आणि तो ड्रम आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ वेळा फिरतो. ड्रम थोडा तिरका बसवलेला असतो, म्हणून प्रत्येक हेड टेपवर एक तिरकी रेघ ओढतं. सेकंदाला अशा ५० रेघा, एकेक रेघ सुमारे १० सेंटीमीटर लांब आणि माणसाच्या केसापेक्षा बारीक. त्यामुळं ३ तासांची कॅसेट अडीचशे मीटरच्या आसपास टेपमध्ये भागते. कॅसेट आत टाकल्यावर खर्र-खट्ट असा जो आवाज यायचा, तो यंत्र टेप ओढून त्या ड्रमभोवती गुंडाळत असल्याचा.

पडद्यावर मुंग्या यायला लागल्या की समजायचं, हेड मळलंय. चित्राच्या खालच्या अंगाला पांढऱ्या आडव्या पट्ट्या नाचायला लागल्या की हेड आणि त्या तिरक्या रेघा जुळत नाहीयेत. त्यासाठी ट्रॅकिंगचं बटण असायचं.

आता मुद्द्याचं. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा चौकोनी तुकडा असायचा. तो मोडून टाकला की त्या कॅसेटवर नवं रेकॉर्डिंग होत नसे, जुनं सुरक्षित. पुन्हा रेकॉर्ड करायचं मनात आलं तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, झालं काम. मोडायचा की नाही, चिकटपट्टी लावायची की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं. ही कॅसेट आत्याकडं न्या, मामाकडं न्या, कुठल्याही व्हीएचएस यंत्रात ती चालणार. बळद घरात, किल्लीही घरात.

हे सिनेमा कंपन्यांना सुरुवातीपासून खुपत होतं. अमेरिकेत युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर खटला भरला. लोक कार्यक्रम उतरवून घेतात म्हणजे आमच्या हक्कांवर गदा येते, असं त्यांचं म्हणणं. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमतानं निकाल दिला की घरी नंतर बघण्यासाठी टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करणं बेकायदा नाही. एका न्यायमूर्तीचं मत फिरलं असतं तर रेकॉर्डर हा प्रकार किती काळ विकला गेला असता, कुणास ठाऊक. आपल्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ खाली खासगी वापरासाठीच्या रास्त उपयोगाला जागा आहे. स्वतः बघण्यापुरती ती सवलत आहे. उतरवलेलं विकायचं किंवा शंभर ग्रुपवर फिरवायचं, हे त्यात बसत नाही.

टेपचा विषय सोडण्याआधी एक कळकळीची गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या ताईच्या लग्नाची, १९९४ सालची कॅसेट आमच्याकडं लोखंडी पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात पडून होती. वडील २००१ साली गेले. चालते-बोलते वडील आमच्याकडं तेवढ्या एका कॅसेटमध्येच आहेत. दोन वर्षांपूर्वी ती काढली तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या गुंडाळीवर पांढुरका थर होता. ती बुरशी. अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली की बुरशी हेडला लागते आणि टेप ओरखडते, कधी तुटतेही. लातूरला गंजगोलाईजवळ जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं ती उघडून, कोरडी करून, हळूहळू पुसून दिली. मग पिवळी-पांढरी-लाल पिनांची वायर व्हीसीआरमधून कॅप्चर यंत्राला, तिथून लॅपटॉपला. टेप जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. तीन तास आई शेजारी बसून होती. पंगतीत वडील बुंदी वाढत येतात आणि कॅमेऱ्याकडं बघून "घे की अजून" म्हणतात, तिथं आवाज थोडा घरघरतो, पण शब्द कळतो.

घरात अशी कॅसेट असेल तर ती आधी उतरवून घ्या. जगातला व्हीसीआर बनवणारा शेवटचा कारखानदार मानली जाणारी जपानची फुनाई कंपनी, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. नवं यंत्र येणार नाही, जुनी यंत्रं रोज थोडी थोडी कमी होतायत.

डबा: बळद घरात, किल्ली बाहेर

१९९९ मध्ये अमेरिकेत टिवो आणि रिप्ले टीव्ही हे हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारे पहिले घरगुती बॉक्स आले. आपल्याकडं डीटीएचच्या छत्र्या घराघरांवर दिसायला लागल्या, त्यानंतर हाच प्रकार सेट-टॉप बॉक्सच्या रूपानं आला.

यात टेपसारखी नक्कल होत नाही. उपग्रहावरून चॅनल आकड्यांच्या प्रवाहाच्या रूपात येतं. डबा तो प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर ओततो. त्यामुळं थेट प्रक्षेपण आणि रेकॉर्डिंग यांच्या दर्जात फरक नसतो. शंभर वेळा बघा, झिजत नाही. चालू कार्यक्रम थांबवता येतो तोही याच कारणानं. तुम्ही पॉज दाबता तेव्हा टीव्हीवरचं चित्र थांबतं, डबा मात्र आत भरतच राहतो. पाहुण्यांना चहा देऊन या, तिथूनच पुढं सुरू.

एक चॅनल बघताना दुसरं रेकॉर्ड व्हायचं असेल तर डब्यात दोन ट्यूनर लागतात, आणि बऱ्याच डब्यांना छत्रीपासून दोन वायरी. घरात "बघताना रेकॉर्ड होत नाही" अशी कुरकुर असते, तिथं बहुतेक वेळा दुसरी वायर ओढलेलीच नसते.

किती मावतं? साध्या चॅनलचा प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट धरा. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून तासाला सुमारे ०.९ जीबी. एचडी चॅनल ८ मेगाबिट धरलं तर तासाला ३.६ जीबी. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कमध्ये साधं रेकॉर्डिंग साडेपाचशे तासांच्या आसपास, एचडी १३५-१४० तास. आत्याची सत्तर कीर्तनं त्यात सहज बसतात.

आता किल्ली. पैसे भरून बघायची चॅनलं कंपनी कुलूपबंद करूनच आकाशात सोडते. तुमच्या डब्यातलं कार्ड किंवा चिप ते कुलूप उघडते. रेकॉर्डिंग डिस्कवर उतरतं तेही कुलूपबंदच, आणि ते कुलूप त्याच एका डब्याशी जोडलेलं असतं. हे मी पोळून शिकलो. आमच्या घरच्या डब्याचं मदरबोर्ड गेलं, डिस्क धडधाकट होती. मी डिस्क काढून लॅपटॉपला जोडली, मग त्याच कंपनीच्या दुसऱ्या डब्यात घालून बघितली. एक सेकंदही दिसलं नाही. त्याआधी एकदा रिचार्ज संपला होता, तेव्हा चॅनलं बंद होणार हे माहीत होतं, पण आधी उतरवलेलं रेकॉर्डिंगही उघडेना. ज्वारी आपल्या बळदात, पण कुलूप सावकाराचं.

याला एक चांगला अपवाद आहे आणि मराठवाड्यात तो हजारो पत्र्यांवर दिसतो, डीडी फ्री डिश. दूरदर्शननं २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू केलेली ही सेवा, महिन्याचं भाडं नाही. तिच्यावरची बरीच चॅनलं कुलूप न लावता सोडलेली असतात. बाजारात मिळणाऱ्या तिच्या अनेक साध्या बॉक्सना पुढं यूएसबीची खाच असते. त्यात पेनड्राइव्ह खोचा, रिमोटवरचं रेकॉर्डचं लाल बटण दाबा, कार्यक्रम पेनड्राइव्हवर. सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम असा उतरवून ठेवणारे शेतकरी मी बघितलेत. ही फाइल लॅपटॉपवरही चालते, कारण कुलूपच नाही. तासाला दीड जीबीच्या आतबाहेर जागा लागते, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये वीस तास मावायला हरकत नाही. एक खाचखळगा आहे. पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढं वाढू शकत नाही. तिथं बॉक्स फाइलचे तुकडे पाडतो, काही स्वस्तातले बॉक्स सरळ रेकॉर्डिंग थांबवतात. रात्रभराच्या जागरणाचं रेकॉर्डिंग लावून झोपलात आणि सकाळी तीनच तास सापडले, तर कारण हे.

काडी: बळदच नाही

छत्रीवरून येणारा कार्यक्रम म्हणजे दवंडी. दवंडीवाला वेशीत उभा राहून एकदा ओरडतो, ऐकणारे दहा असोत की हजार, त्याचा घसा तेवढाच दुखतो. आकाशातला उपग्रहही तसाच. एक प्रवाह सोडतो, छत्र्या कितीही असोत.

स्ट्रीमिंगमध्ये दवंडी नाही. तिथं प्रत्येक घराला वेगळा निरोप द्यायला वेगळा माणूस धावतो. तुम्ही काडीवर एखादी मालिका लावली की कंपनीच्या सर्व्हरवरून फक्त तुमच्यासाठी प्रवाह निघतो. त्यामुळं हवं ते, हवं तेव्हा बघता येतं. त्यामुळंच रात्री आठ-नऊला, सगळं गाव एकदम बघायला बसलं की रस्ता तुंबतो. गर्दी हलकी व्हावी म्हणून मोठ्या कंपन्या गाजलेल्या कार्यक्रमांच्या प्रती मोठ्या शहरांतल्या सर्व्हरवर आणून ठेवतात, म्हणजे प्रत्येक निरोप्याला परदेशापर्यंत पळायला नको.

आईचा फोन येतो, "बाळा, टीव्हीवर नुसतं गोल गोल फिरायलंय." ते का फिरतं, ते बघा. सर्व्हरवर प्रत्येक कार्यक्रम काही काही सेकंदांच्या तुकड्यांत चिरून ठेवलेला असतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या चार-सहा प्रती असतात, धूसर ते अगदी स्वच्छ. काडी एकेक तुकडा मागवते आणि तो यायला किती वेळ लागला हे मोजते. पटकन आला तर पुढचा तुकडा स्वच्छ दर्जाचा मागवते, रेंगाळला तर हलक्या दर्जाचा. सिनेमा सुरू होताना चित्र अंधुक असतं आणि मग एकदम खुलतं, ते यामुळं. पुढचे थोडे तुकडे ती आधीच जवळ घेऊन ठेवते, त्याला बफर म्हणतात. घरातली नेटची वायर दहा सेकंद सुटली तरी बफरवर चित्र चालतं. बफर रिकामा झाला आणि हलक्यातला हलका तुकडाही वेळेत पोचला नाही, की मग गोल फिरतं. अशा वेळी काडी बंद-चालू करून फारसं हाती लागत नाही. काडी बिचारी वाट बघतेय. अडचण रस्त्याची आहे. राउटर टीव्हीच्या जवळ आणा, दुसऱ्या खोलीतले मोबाइल थोडा वेळ वायफायवरून काढा, नाहीतर ॲपच्या सेटिंगमध्ये दर्जा खाली आणा.

क्रिकेटच्या दिवशी आणखी एक गोष्ट जाणवते. शेजारी छत्रीवर सामना बघत असतो, तुम्ही काडीवर. त्याच्या घरातून "आउट!" असा ओरडा येतो आणि तुमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत असतो. तुकडे चिरायचे, पाठवायचे, बफरमध्ये साठवायचे, यात अर्धा मिनिट सहज जातो.

डेटाचा हिशेब मात्र घरोघरी चुकतो, म्हणून तो मांडतोच. सेकंदाला ५ मेगाबिटचा एचडी प्रवाह म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काडी चालवणारी बरीच घरं आहेत. रोजचे २ जीबी असतील तर एचडीत तासाभरातच ते उडतात, साध्या दर्जावर दोन तास. ज्या गावात फायबर आलेली नाही तिथं काडीचं स्वप्न या आकड्यावर अडतं.

किल्ली इथं पूर्णपणे बाहेर आहे. कंपनीनं कार्यक्रमाचे हक्क ठरावीक काळासाठी घेतलेले असतात, करार संपला की तो कार्यक्रम यादीतून जातो. काल अर्धा बघितलेला सिनेमा आज सापडत नाही, तो यामुळं. फोनमधल्या ॲपवर डाउनलोड करून ठेवलं तरी त्याला मुदत असते, मुदत संपली की ती फाइल उघडत नाही. ते डाउनलोड म्हणजे बळद नव्हे, चार दिवसांची शिदोरी.

लाईट, पाऊस आणि जेसीबी

पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या तुलनांत हा भाग नसतो. आपल्याकडं निम्मा निर्णय इथंच लागतो.

सकाळी ६ चं कीर्तन रेकॉर्डला लावलंय आणि पावणेसहाला लाईट गेली, तर डबा काही करू शकत नाही. बळद भरायच्या वेळी घरात कुणी नसल्यासारखं ते. ज्या कार्यक्रमाची एकच वेळ आहे तो डब्याच्या हातून सुटला की सुटला. काडीला इथं काहीच धास्ती नाही. लाईट आली की लावा, कार्यक्रम सर्व्हरवर आहेच. भारनियमन लांबलचक असलेल्या गावात ही काडीची मोठी जमेची बाजू आहे.

डब्यात फिरणारी डिस्क असते, तिला लाईटचं येणं-जाणं मानवत नाही. लिहिता लिहिता वीज गेली की चालू रेकॉर्डिंग तर जातंच, कधी डिस्कवरची यादीच बिघडते. डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. आणि एक विनंती, डब्यावर क्रोशाचा रुमाल घालून वर फोटो ठेवू नका. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असतं, डबा बंद दिसला तरी आतून चालू असतो, आणि त्याच्या झाकणावरची भोकं श्वास घ्यायला असतात. आत्याच्या डब्यावरचा रुमाल मी दोनदा उचललाय, दोन्ही वेळा डब्याला हात लावून ठेवता येत नव्हता.

काडीला वीज किती थोडी लागते बघा, सर्वसाधारण काडीला पाचेक वॅट. पण ती टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका, बऱ्याच टीव्हींतून पुरेशी वीज येत नाही आणि ती मध्येच बंद पडते. सोबतच्या ॲडाप्टरवरच लावा. घरात इन्व्हर्टर असला तरी राउटर त्यावर आहे का तेही बघा. आणि तुमच्याकडं सगळं चालू असून नेट गेलं, तर चौकातल्या किंवा गावातल्या नेटवाल्याच्या पेटीला बॅटरी नसावी. ही चौकशी जोडणी घेण्याआधीच करायची असते.

पावसाचं उलटं. छत्रीवर येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या, म्हणून जोराच्या सरीतले थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. परतीचा पाऊस कोसळत असला की पडद्यावर आधी चौकोन फुटतात, मग 'सिग्नल नाही'. डब्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढं भोक पडतं आणि ते कधीच बुजत नाही. फायबरला पावसाचं सोयरसुतक नाही. तिचा शत्रू जेसीबी. रस्ता रुंदीकरण किंवा पाइपलाइन चालू असलेल्या गावात वायर तुटली की दोन-दोन दिवस दुकान बंद. तेव्हा डब्यातलं साठवलेलं कामी येतं.

बाजारातला 'सगळं फुकट' बॉक्स

हे वेगळं सांगायलाच पाहिजे, कारण आठवडी बाजारापर्यंत हे बॉक्स आलेत. "एकदा पैसे भरा, आयुष्यभर सगळी चॅनलं, सगळे सिनेमे." घेऊ नका. एक तर तो चोरीचा माल असतो. दुसरं, अशा बिननावाच्या अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातच घातक सॉफ्टवेअर भरलेलं असल्याचे प्रकार उघड झाले आहेत, आणि तो बॉक्स तुमच्या घरच्या वायफायवर, तुमच्या बँकेचं ॲप असलेल्या मोबाइलच्या शेजारी बसणार. तिसरं कारण साधं आहे. मोठ्या कंपन्या एचडी चित्र फक्त त्यांनी मान्य केलेल्या बॉक्सला देतात. वाइडव्हाइन नावाचं डिजिटल कुलूप आहे, त्याची वरची पातळी बॉक्समध्ये नसेल तर पैसे भरूनही साध्या दर्जाचंच चित्र मिळतं. खोक्यावर फोर-के छापलेलं असलं तरी. विकत घेताना वाइडव्हाइन एल-१ आहे का, एवढं विचारा. दुकानदाराला हा शब्द माहीत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

आत्याला काय सांगितलं

परवा केजला जाऊन आलो. आत्याच्या टीव्हीला मागं दोन एचडीएमआय खाचा निघाल्या. दादाला सांगितलं, काढायचं काहीच नाही. एका खाचेत डबा राहू दे, दुसऱ्या खाचेत तुझी काडी. डब्याचं पॅकेज सगळ्यात लहान करून घेतलं, कारण चालू रिचार्ज ही त्या कीर्तनांची किल्ली आहे. रिचार्ज सोडला तर डिस्क फुटली काय आणि शाबूत राहिली काय, आत्याला सारखंच.

मग दोघं मिळून तिची यादी उघडली. सत्तरांतली चाळीसेक कीर्तनं त्या चॅनलनं स्वतःच यूट्यूबवर टाकलेली सापडली. ती काडीवर लावून दाखवली आणि एक वेगळी यादी करून दिली. उरलेली तीस कुठंच नाहीत, त्यातली काही तिच्याच गुरुमाउलींची. ती जोवर डबा चालतोय तोवर आहेत, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, "म्हंजे माझी नाहीतच की ती."

पुढं उतरवायचं ते उघड्या चॅनलवरून पेनड्राइव्हवर उतरवायचं, असं ठरलं. पत्र्यावरची फ्री डिशची जुनी छत्री नुसती पडूनच होती. दादानं ती पुसून दिशा जुळवली, मी यूएसबीवाला बॉक्स आणि ६४ जीबीचा पेनड्राइव्ह दिला. हा बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीवर चालतो, म्हणून एचडीएमआयची तिसरी खाच लागली नाही. तीन रिमोट झाले म्हणून आत्या घाबरली होती. तिच्या नातीनं तिन्हींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि पेननं लिहिलं: 'आजीचा जुना डबा', 'आमची काडी', आणि तिसऱ्यावर, लाल बटणाकडं बाण काढून, 'आजी, हे दाबलं की तुझं'.